भांड्यावरून भांडण

मराठी भाषेनं 'भांडं' आणि 'भांडण' हे दोन शब्द एकमेकांच्या इतके शेजारी का ठेवले असावेत, याचा उलगडा मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झाला. तोवर भांड्यांशी माझा संबंध म्हणजे ती जेवताना समोर येतात आणि जेवण झाल्यावर निघून जातात, एवढाच. मी पडलो बँकेतला कारकून. आमच्या हाताखालून भांडवल जातं, भांडी नव्हेत. आणि भांडवलसुद्धा दुसऱ्याचं. पण गेल्या वर्षी मी घरी कोंबुचा करायला घेतला आणि 'तो कशात करावा' या एका प्रश्नावरून माझे साडू दुखावले, शेजारच्या काकांनी माझं नेलेलं वर्तमानपत्र परत देणं बंद केलं आणि माझी सख्खी बहीण तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही.

कोंबुचा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. ज्यांना ठाऊक नाही त्यांचा मला हेवा वाटतो. कोरा चहा करायचा, त्यात साखर विरघळवायची, गार झाला की विरजण लावायचं आणि आठ-दहा दिवस त्याला हात लावायचा नाही. विरजणात यीस्ट आणि जिवाणू एकत्र कुटुंबपद्धतीनं नांदत असतात. यीस्ट साखरेचं थोडंसं मद्य करतं आणि जिवाणू त्या मद्याचं आम्ल करतात. म्हणजे एकानं बिघडायचं आणि दुसऱ्यानं त्याला वळणावर आणायचं, अशी ही आदर्श गृहस्थी. वर एक पांढुरकी, जाड, चिवट साय धरते. खाली आंबटगोड, जिभेला जरा चिमटा काढणारं पेय तयार होतं. नाव ऐकायला जपानी, पण जपानात जाऊन कोंबुचा मागितलात तर समुद्री शेवाळाचा चहा पुढ्यात येतो. रशियन लोक याला 'चहाची अळंबी' म्हणतात आणि ती अळंबी नव्हेच. आता जिथं नावापासूनच घोटाळा आहे तिथं भांड्यापर्यंत पोचेपर्यंत तो वाढला तर नवल काय?

मी यात पडलो तो डॉक्टरांमुळे. जेवणाच्या सुट्टीत रोज एक थंड पेयाची बाटली रिचवायची माझी वीस वर्षांची सवय. डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि आमचे मॅनेजर थकलेल्या कर्जदाराशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "हे आता बंद." त्याच सुमारास आमच्या शाखेत बंगळुरूहून बदलून एक तरुण अधिकारी आला. वयानं माझ्या निम्मा, पदानं माझ्या दुप्पट, पण पोरगा गुणी. माझा सुतकी चेहरा बघून त्यानं जॅमच्या एका रिकाम्या बाटलीत सायीचा तुकडा आणि पेलाभर आंबट पाणी आणून दिलं. मी सवयीनं विचारलं, "कितने हुए?" तो म्हणाला, "सर, इसके पैसे नहीं लेते."

मला एकदम आमचा वाडा आठवला. विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जायचं. तिन्हीसांजा व्हायच्या आत जायचं, कारण दिवे लागल्यावर दूधदही देत नसत. पण एरवी विरजणाला नाही म्हणणारी बाई मी पाहिली नाही आणि विरजणाचे पैसे लावणारी तर नाहीच नाही. ती बाटली मी डब्याच्या पिशवीत उभी धरून घरी आणली.

आता माझा पक्ष मांडतो. कोंबुचाला साध्या काचेची, रुंद तोंडाची, बिननळाची बरणी लागते. यापेक्षा महाग, यापेक्षा पवित्र किंवा यापेक्षा सुंदर काही लागतं असं जो सांगतो, त्याला एक तर काहीतरी विकायचं असतं किंवा त्यानं स्वतः कधी कोंबुचा केलेला नसतो.

आमचे साडू दुसऱ्या प्रकारात मोडतात, पण पहिल्या प्रकारच्या लोकांचे ते उत्तम गिऱ्हाईक आहेत. ते बाणेरला राहतात आणि कुठलीही गोष्ट 'किट'शिवाय करत नाहीत. माझा बेत ऐकून दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरपोच एक खोकं पाठवलं. आत लाकडी घडवंचीवर बसवलेली गोंडस काचपात्रिका, तिला खाली चकचकीत नळ, बाहेरून चिकटवायची तापमानाची पट्टी, 'नैसर्गिक' असं छापलेलं फडकं, हवाबंद पाकिटात एक चकती आणि चोवीस पानांची पुस्तिका. त्या पुस्तिकेत टकलापासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्या दुखण्यांची यादी होती. मी ती डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, "यातलं सिद्ध झालेलं मला काही दिसत नाही. आवडत असेल तर छोटा पेला प्या. साखर त्यातही उरते. बाटली सोडलीत म्हणून पिंप धरू नका." खोक्यावर किंमत होती दोन हजार नऊशे नव्व्याण्णव. एक रुपया का सोडला होता कोण जाणे.

सासुरवाडीकडची भेट, वापरणं भाग होतं. पहिला घाणा बरा उतरला. दुसऱ्या घाण्याला नळातून थेंब थेंब यायला लागला आणि सकाळी ओट्यावर मुंग्यांचा मोर्चा उभा होता. तिसऱ्या वेळी नळ बंदच पडला. आतून तपासला तर यीस्टच्या तपकिरी शेवया अडकलेल्या, आणि आतल्या बाजूच्या चकचकीत नटाचा मुलामा उडून खालचा हिरवट धातू डोकावत होता. म्हणजे तीन आठवडे माझ्या चहात नटाचा अर्क उतरत होता आणि 'या वेळी चव जरा गंभीर आलीय' असं म्हणून मी तो पीत होतो!

दुसरी गोष्ट गळ्याची. त्या पात्राचं पोट वीतभर आणि गळा चार बोटं. साय वाढते ती भांड्याच्या पोटाएवढी. महिन्याभरात ती बोटभर जाड झाली आणि बाहेर काढायची वेळ आली. मी चिमट्यानं ओढतोय, सौ. भांडं धरून बसलीय, कन्या मोबाईलवर चित्रण करतेय. बुळबुळीत साय गळ्याशी येते, आमच्याकडे बघते आणि पुन्हा आत जाते. शेवटी तिचे तुकडे करून काढावी लागली. तेव्हापासून माझा नियम असा, की ज्या बरणीत आपला हात मनगटापर्यंत जात नाही ती बरणी नव्हे, फुलदाणी आहे. नुसता धुण्याचा प्रश्न नाही. ते जिवाणू हवेवर जगतात. जितकं तोंड रुंद आणि चहाचा वरचा पृष्ठभाग मोठा, तितकं काम लवकर. अरुंद गळ्यातून त्यांना श्वास घ्यायला लावणं म्हणजे आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी एकच खिडकी उघडणं.

आणि ती चकती! पुस्तिकेत लिहिलं होतं, चकती हाच कोंबुचाचा आत्मा. साफ खोटं. आत्मा पाण्यात आहे. आधीच्या घाण्याचं आंबट पाणी नव्या चहात दहाव्या हिश्श्यानं घातलं की चहा पहिल्या दिवसापासून आंबट होतो आणि बुरशीला पाय ठेवायला जागा राहत नाही. साय नसली तरी आठवड्याभरात नवी धरते. पण पाणी पाकिटात घालून विकता येत नाही, चकती येते. म्हणून आत्मा चकतीत. मी बी. कॉम. आहे. कॉस्टिंगच्या पेपरात मला बावन्न मार्क होते, तेव्हा फार मोठा दावा करत नाही, पण एवढा ताळेबंद मलाही जमतो: बरणी साडेतीनशे, फडकं वडिलांच्या जुन्या धोतराचं, रबरबँड एक. (रबरबँड बाहेरून विकत घेतलेला आहे, बँकेचा नव्हे. ऑडिटवाल्यांनी नोंद घ्यावी.) उरलेले सव्वीसशे कसले होते, हे मी साडूंना विचारलं. ते म्हणाले, "एक्स्पीरियन्सचे." तो आला खरा.

मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "मोठमोठ्या कारखान्यांत कोंबुचा स्टीलच्या टाक्यांत करतात. त्याचं काय?" करतात. पण ते पोलाद आम्लाला दाद न देणाऱ्या प्रतीचं, मुद्दाम निवडलेलं असतं. आपल्या घरच्या डब्याच्या बुडावर प्रत लिहिलेली नसते. तिथं फार तर कुणाच्या तरी बारशाची तारीख आणि 'सप्रेम भेट' कोरलेलं असतं. स्टीलचा चमचा दोन मिनिटं बुडवला तर आभाळ कोसळत नाही, पण डब्यात आठ-आठ दिवस मुरवू नये. प्लॅस्टिकला ओरखडे पडतात, ओरखड्यांत जंतू घर करतात आणि त्यात पूर्वी ठेवलेल्या लसणीच्या चटणीची आठवण ते मरेपर्यंत विसरत नाही. संपलं.

शेजारचे काका याच्या बरोबर उलट टोकाचे. त्यांच्या मते सगळ्या व्याधींचं मूळ काच. "तांब्याच्या हंड्यात ठेव. चल तांबट आळीत, मी भाव करून देतो. आपले पूर्वज मूर्ख होते का?"

नव्हते, काका! मूर्ख नव्हते म्हणूनच ते ताक तांब्यापितळेत ठेवत नसत. ठेवलं तर ते कळकतं. 'कळकणं' असा स्वतंत्र शब्द त्यांनी केवळ याच कामासाठी घडवला. जगातल्या किती भाषांत यासाठी शब्द असेल मला माहीत नाही, पण आपल्याकडे आहे, आणि तरी आपण आंबट चहा तांब्यात ओतायला निघालो! आंबटाला पितळेचं भांडं वापरायचंच झालं तर आधी कल्हई. गल्लीत कल्हईवाला येऊन बसला की आम्ही पोरं भाता बघायला जमायचो, ती काय करमणूक म्हणून बोलावत होते त्याला? रात्रभर पाणी ठेवायचं तर ठेवा तांब्यात, पाण्याचं वेगळं. आम्ल तांबं खातं, आणि ते पोटात गेलं की पोट ते परत पाठवतं. शिवाय तांब्यानं ते जिवाणूही मरगळतात. काका म्हणाले, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही." माझं वर्तमानपत्र त्या दिवसापासून त्यांच्याकडे आहे.

साडू आणि काका यांच्याशी मी मजेनं भांडलो. ताईशी भांडलो ते मजेनं नव्हे.

आई जाऊन चार वर्षं झाली. तिची चिनी मातीची बरणी, वरून मधासारखी तपकिरी, खालून पांढरी, ताईनं आपल्याकडे नेली होती. दरवर्षी मे महिन्यात त्या बरणीवर दादरा बांधताना आईचा चेहरा लॉकर बंद करणाऱ्या हेडकॅशिअरसारखा व्हायचा. किटाची फजिती ऐकून एका रविवारी ताई रिक्षा करून आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बरणी तिनं मांडीवर आणली होती. ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "घे. रुंद तोंड आहे, नळ नाही. तुला हवी तशीच आहे. नुसती कपाटात बसून असते, बघवत नाही मला."

मी 'हो' म्हणायला पाहिजे होतं. दहा दिवस ठेवून 'फुटली गं' असं खोटं सांगण्यापेक्षा खरं बोलावं, अशी अवदसा मला आठवली. मी म्हटलं, "ताई, यात नको."

"का? हिच्यात काय वाईट आहे?"

मी सांगायला लागलो. चिनी मातीच्या वर जी झिलई असते तिच्यात काही वेळा शिसं असतं. आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. झिलई धड असली, नीट भाजलेली असली तर ठीक; पण जुनी, केसाएवढ्या भेगा पडलेली असली आणि तिच्यात पातळ आंबट द्रव दिवसेंदिवस ठेवला, तर शिसं त्यात उतरू शकतं. १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात एका जोडप्याची हकिगत छापून आली होती. चिनी मातीच्या भांड्यात केलेला कोंबुचा ते सहा महिने प्यायले आणि दोघांना शिशाची विषबाधा झाली.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "चाळीस वर्षं आपण हिच्यातलं लोणचं खाल्लं. आईनं आपल्याला विष घातलं, असं म्हणायचंय तुला?"

याला कॉमर्समध्ये उत्तर नाही. मी "तसं नव्हे गं" असं तीन वेळा म्हणालो. ती चपला घालून निघाली. बरणी तिथंच ठेवून गेली, हे त्यातल्या त्यात वाईट.

रात्री मी ती बरणी दिव्याखाली धरून बघितली. झिलईवर भेगांचं जाळं होतं, पाण्याच्या चिराळलेल्या हंड्यावर असतं तसं. आत हात घातला, मनगटाच्या वर गेला. तळाशी काहीतरी बोटाला लागलं. मिरचीच्या चार-पाच सुक्या बिया. आणि मग आठवलं! शेवटची कितीतरी वर्षं आई या बरणीत लोणचं घालतच नव्हती. लोणचं काचेच्या बरणीत गेलं होतं. भेगा दिसायला लागल्या त्या वर्षी तिनं हिला सुक्या मिरच्या दिल्या आणि मला म्हणाली होती, "आता हिच्यात कोरडंच ठेवायचं." मी कॉलेजात होतो. 'का' असं विचारायची मला गरज वाटली नव्हती, आणि ऑस्ट्रेलियातलं नियतकालिक काही आईकडे येत नव्हतं.

मी ताईला फोन केला नाही. फोनवर हे नीट सांगता येणार नाही असं वाटलं. चार ओळी लिहून पाठवल्या: मिरच्यांच्या बियांबद्दल, आणि आई काय म्हणाली होती त्याबद्दल. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

पुढच्या शनिवारी, दुसरा शनिवार होता, रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. दुकानदाराला म्हटलं, "चार लिटरची काचेची बरणी, तोंड रुंद, काच स्वच्छ, बुडबुडे नकोत, चीर नको, बाहेरून नक्षी-रंग काही नको." तो म्हणाला, "बरणी पायजे का सून?" पण काढून दिली. हात घालून बघितला. गेला. मेड फॉर इच अदर.

सुरुवात कशी करायची, ते एकदा सांगतो म्हणजे कुणी पुस्तिका विकत घ्यायला नको. बरणी गरम पाण्यानं धुवावी, साबण लावला तर त्याचा मागमूस ठेवू नये. एक लिटर पाण्याला दोन चमचे चहा आणि साठ-सत्तर ग्रॅम साखर. आलं नाही, वेलची नाही, मसाला नाही आणि दूध तर नावालाही नाही. चहाचा हा कोरडा अवतार पुणेकराला पाहवत नाही, पण उपाय नाही. साखर कमी करण्याची हुशारी करू नये, ती विरजणाची शिदोरी आहे. चहा गाळून पूर्ण गार होऊ द्यावा. मी एकदा घाईनं कोमट चहात विरजण ओतलं होतं. तो घाणा उठलाच नाही. लिटरला पाऊण वाटी जुनं आंबट पाणी, वर सायीचा तुकडा असला तर असो. तोंडावर घट्ट विणीचं सुती कापड, कारण मलमलीच्या एकेरी फडक्यातून चिलटं आत शिरतात. झाकण मात्र लावायचं नाही. ऊन नाही, आणि केळ्यांच्या टोपलीचा शेजारही नाही. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये पाच-सहा दिवसांत तयार होतो, थंडीत दोन आठवडे धरून चाला. आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, आकडा ४.२च्या खाली यायला हवा आणि २.५च्या खाली जायला नको. वर हिरवी, काळी, लोकरीसारखी कोरडी बुरशी दिसली तर सायीसकट सगळं ओतून द्यावं. तिथं जीव अडकवू नये, माझा अडकला होता. गरोदर बायकांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजारानं खचली आहे त्यांनी घरचा कोंबुचा घेऊ नये. थेंबभर मद्य त्यात राहतं, हेही व्रतस्थांनी ध्यानात ठेवावं.

तिसऱ्या आठवड्यात ताई आली. दार उघडल्यावर काही बोलली नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर काचेची बरणी, तिच्यावर बाबांच्या धोतराचा तुकडा, आणि शेजारी आईची बरणी. ताईनं तिचं झाकण उघडलं. आत साखर होती. कोंबुचाची साखर मी हल्ली त्यातूनच काढतो.

तिनं झाकण लावलं. मी पेल्यात थोडा कोंबुचा ओतून दिला. तिनं एक घोट घेतला आणि आईसारखाच डावा डोळा बारीक केला.

"कळकलाय का रे?"

"नाही गं, तो असाच लागतो."

"शी!" ती म्हणाली. पेला मात्र संपवला. मग पिशवीतून एक जॅमची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. काचेची, रुंद तोंडाची, धुऊन वाळवून आणलेली.

"घाल थोडं विरजण. पाणी जास्त घाल, चकतीचं काही खरं नसतं म्हणालास ना?"